विजू, तू सौदा अर्धा सोडून गेलीस

विजू,

काल तुझं तेरावं झालं आणि मी पोटभर जेवलो. तुझी वहिनी माझ्याकडे बघत होती. तिला वाटलं असेल, हा ताट सरकवील. मी भाजी पुन्हा मागून घेतली. चव लागली नाही, पण भूक होती. त्याआधी सकाळी मंडीत जाऊन आलो. जसोंडीच्या एका शेतकऱ्याशी केळीच्या बागेचा सौदा केला. तो नेहमीसारखा चिडून उठला आणि नेहमीसारखा परत आला. या माणसाची बहीण गेली आहे असं तिथे कुणाला वाटलं नसतं. मलाही वाटलं नाही. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे मी रडत रडत लिहितो आहे असं तू समजायला नको.

तू तिकडे, तुझ्या त्या दक्षिणेतल्या शहरात, एका सकाळी उठलीच नाहीस. मला एवढंच सांगितलं गेलं. मी गेलो, तुला घेऊन आलो, तापीच्या घाटावर जे करायचं ते केलं. लोक खांद्यावर हात ठेवत होते. हात जड लागत होते, एवढंच आठवतं.

मला लिहायचं आहे ते मयूरीचं. तिच्या प्रवेशाचं हो किंवा नाही कळवायची शेवटची तारीख नेमकी तुझ्या तेराव्याचीच निघाली. माझी मुलगी, दातांची डॉक्टर झालेली, खाली तिचा दवाखाना टाकायला जागा तयार, आणि तिला जायचं होतं तू शिकवत होतीस त्या संस्थेत, तू शिकलीस तेच शिकायला. गेले कित्येक महिने आपण दोघं फोनवर यावरून भांडत होतो. मी नाही म्हणत होतो, तू हो म्हणत होतीस. दिवाळीला येते, समोर बसून भांडू, असं तू म्हणाली होतीस. सौद्यातून उठून जाणारे मी खूप पाहिले आहेत. पण ते मंडीच्या फाटकापर्यंत जातात आणि मागे वळून बघतात. तू तसं केलं नाहीस. हा माझा तुझ्यावरचा पहिला राग आहे. बाकीचे जुने आहेत.

बाबा गेले तेव्हा मी शाळा सोडून ट्रकवर केळीचे घड चढवायला लागलो, हे तू जाणतेसच. मी ते कधी तुला ऐकवलं नाही. दुसऱ्यांना ऐकवलं, ती गोष्ट वेगळी. तू डॉक्टर झालीस तेव्हा खंडव्यापासून तुटून आपलं बुऱ्हाणपूर वेगळा जिल्हा झालं होतं. आपली केळी दिल्लीच्याही पुढे जायला लागली होती, पेट्यांत भरून समुद्रापार पाठवायची बोलणी चालू होती. सगळं जग एकमेकाला जोडू राहिलं होतं, आणि आपल्या बुधवारा मोहल्ल्यात एक लेडी डॉक्टर नव्हती. मी म्हटलं, वेळ हीच. घराखालचं गोदाम रिकामं केलं, फरशी बसवली, तुझ्या नावाचा बोर्ड रंगवून घेतला. तू आलीस, बोर्ड बघितलास, छान आहे म्हणालीस, चहा घेतलास आणि मग म्हणालीस, "मला बसायचं नाही, भाऊ."

"मग काय उभं राहायचं?"

"शिकायचं आहे अजून. साथरोगशास्त्र."

"कुठे आली आहे साथ?"

"साथ आली तरच असं नाही. कुणाला आजार होतो, कुणाला होत नाही आणि का, ते शोधायचं."

"एवढं शिकली, ते नाही शिकवलं?"

"एका माणसाला काय झालं ते शिकवलं. गावाला काय झालं ते नाही."

"गाव दवाखान्यात येत नाही, विजू. माणूस येतो."

"म्हणून तर गावात जावं लागतं."

मी कप इतक्या जोरात ठेवला की कान माझ्या बोटात राहिला. तुझी वहिनी स्वयंपाकघरात तोंडावर पदर धरून हसत होती. तू पण हसलीस. मला हसू आलं नाही. पुढची कित्येक वर्षं बुधवाऱ्यात जो भेटेल तो विचारायचा, "डॉक्टरीणबाई कुठे बसतात?" मी सांगायचो, कुठेच बसत नाही, फिरते. लोक मान हलवायचे. त्यांना वाटायचं पोरगी नापास झाली असेल आणि भाऊ झाकू राहिला.

तू मला समजावायचा प्रयत्न केलास, तो मात्र खरा. पहिल्या सुट्टीत आलीस तेव्हा माझ्याबरोबर फोपनारला एक बाग बघायला आलीस. मी शेतकऱ्याचं बोलणं ऐकत ऐकत सरळ बागेच्या पोटात शिरलो. तू विचारलंस, बांधावरची झाडं इतकी चांगली आहेत, ती का नाही बघत? मी म्हटलं, अगं, कडेच्या झाडाला ऊन मिळतं, शेतकरी येता-जाता त्यालाच जीव लावतो, आणि गिऱ्हाइकाला तिथूनच फिरवतो. बाग मध्ये कशी आहे ते बघायचं. तू तिथेच उभी राहिलीस, पायाखाली चिखल होता तरी.

"भाऊ, आमच्याकडे पहिल्या सहामाहीत हेच शिकवतात. फक्त आम्ही कोणतं झाड बघायचं ते स्वतः ठरवत नाही. चिठ्ठी टाकतो."

"मी चिठ्ठी टाकून बागा घेतल्या तर बायकोपोरं घेऊन तापीच्या राजघाटावर भीक मागत बसायला लागेल."

त्या दिवशी परत येताना तू गाडीत गाणं म्हणत होतीस. कोणतं ते आठवत नाही. मी आवाज वाढव म्हणालो नाही, पण काच वर केली, बाहेरचा गोंगाट आत येऊ नये म्हणून. हे तुला कधी सांगितलं नव्हतं.

मग फोपनार झालं. त्याच्याबद्दल आपण नंतर एकदाही नीट बोललो नाही, म्हणून आता बोलतो.

तुझं पीएचडीचं काम होतं. केळीत आणि कपाशीत औषध फवारणाऱ्या माणसांना चक्कर येते, दम लागतो, त्याचा शोध. गावातली कोणती घरं विचारायची ते चिठ्ठीने ठरलेलं. आणि लोक दार उघडेनात. कुणाला वाटलं तू रेशनवाली, कुणाला वाटलं वीजवाली. तू माझ्याकडे आलीस. आयुष्यात पहिल्यांदा तू माझ्याकडे काही मागितलंस आणि ते मी देऊ शकत होतो. मी माझे सौदे बाजूला ठेवले. फोपनारच्या हॉटेलात जाऊन बसलो, माणसं ओळखीची, चहा पाजला, म्हटलं, माझी सख्खी बहीण आहे, जे विचारील ते खरं सांगा. दारं उघडली. तू बघितलंस दारं कशी उघडली.

मग तुला तुझ्या संस्थेत काही काम निघालं आणि तू थोडे दिवस गेलीस. प्रश्न विचारणाऱ्या तुझ्या हाताखालच्या दोन मुली माझ्या भरवशावर सोडून. त्या पोरी कुलूप लागलेल्या घरांसमोर बसून राहायच्या. मी म्हटलं, हे काय? म्हणाल्या, मॅडमनी सांगितलं आहे, या घराचाच नंबर पडला आहे. मी म्हटलं, शेजारच्या घरात जा. तेवढीच माणसं, तसंच छप्पर, तेच पाणी पितात. आमच्या धंद्यात ठरलेल्या बागेचा माल कमी पडला तर आम्ही ट्रक अर्धा पाठवत नाही. शेजारच्या बागेतून त्याच तोडीचा माल भरतो. गिऱ्हाईक खूश, शेतकरी खूश. पोरी घाबरत होत्या, मी म्हटलं, मॅडमला मी सांगतो. तू यायच्या आत आख्खं गाव पूर्ण केलं. तू येणार म्हणून दराबा आणून ठेवला होता, तुझ्या आवडीची मिठाई.

तू आलीस, कागद चाळलेस आणि विचारलंस, "इतक्या लवकर कसं झालं?"

मी सांगितलं. फुशारकीनेच सांगितलं, खोटं कशाला बोलू.

तू कागद खाली ठेवलेस. मग हळू आवाजात विचारलंस, "त्या घरांना कुलूप का होतं?"

"कामावर गेले असतील."

"कुठल्या कामावर?"

हंगाम फवारणीचा होता. हे फोपनारच्या शेंबड्या पोरालाही कळलं असतं.

"भाऊ, मला जी माणसं हवी होती ती सगळी त्या कुलपांमागे होती. तू मला घरी बसणारी माणसं दिलीस."

"पण एकाने तरी खोटं सांगितलं का? एकाने? सांग ना."

"नाही. सगळ्यांनी खरंच सांगितलं. आता ते सगळं फेकायचं आणि फोपनार पुन्हा करायचं."

"फेकायचं? माझ्या शब्दावर लोकांनी—"

"तू बाग घेताना कडेची झाडं बघतो का?"

"मी काय बाग विकत घेऊ राहिलो होतो? मी तुझं काम करू राहिलो होतो! माझा धंदा सोडून!"

तू ओरडली असतीस तर मी निभावून नेलं असतं. ओरडणाऱ्या माणसाशी मला बोलता येतं. तू म्हणालीस, "थँक यू, भाऊ. खूप केलंस." जसं सरकारी ऑफिसात म्हणतात तसं. दराब्याचा डबा तसाच राहिला. आणि पुढच्या रविवारी तू एकटी फोपनारला जाऊन त्या घरांसमोर बसलीस, माणसं रानातून परत येईपर्यंत. मला हॉटेलवाल्याने फोन करून सांगितलं, "सेठ, तुमची बहीण कुलपासमोर बसली आहे, चहा पाठवू का?" मागे माणसं हसत होती. ज्या दारांत मी शब्द टाकला होता त्याच दारांत तू परत गेलीस, म्हणजे भावाचा शब्द कुचकामी होता हे सगळ्या गावाने बघितलं. तुझ्या शास्त्रात माणूस पुन्हा पुन्हा दार वाजवू शकतो. माझ्या धंद्यात शब्द एकदाच चालतो.

तू बरोबर असशील. तुझ्या परीक्षकांनी तेच म्हटलं असणार. पण तू जाताना मला एवढं सांगून गेली असतीस की भाऊ, कुलूप असेल तर थांबायचं, आणि का थांबायचं, तर मी कुणाला शेजारी पाठवलं असतं का? पोरींना सांगितलंस. मला नाही. मी काय हमाल होतो?

त्या वर्षी तुझी राखी टपालाने आली. बांधली. फोन केला नाही. मग एक दिवस तुझा फोन आला, "भाऊ, इकडे केळी इतकी महाग का रे?" मी तासभर भाडं, दलाली, पिकवणं सगळं समजावलं आणि आपण पुन्हा बोलायला लागलो. फोपनारचं मात्र नाव निघालं नाही. तिकडून जायची वेळ आली की आपण दोघंही खिडकीबाहेर बघायचो.

म्हणून मयूरीने जेव्हा सांगितलं की तिलाही हेच शिकायचं आहे, तेव्हा मला आधी तुझंच नाव सुचलं. म्हटलं, एक गेली ती गेली, आता दुसरीलाही ओढू राहिली. तुला फोन लावला. तू म्हणालीस, तिनेच मला विचारलं, मी नाही. मग सांगायला लागलीस की यात दोन वाटा असतात. एका वाटेने शिकलं की सरकारी कार्यक्रम चालवता येतात, नोकरी लवकर लागते. दुसरी संशोधनाची. तिच्यात गणित जास्त, वेळ जास्त, शेवटी स्वतःचा एक प्रश्न घेऊन तो तडीला न्यावा लागतो, आणि पुढे पीएचडी. मयूरीने दुसरी घ्यावी असं तुला वाटत होतं.

"प्रश्न विचारायला कॉलेज लागतं का?" मी म्हटलं. "मी सकाळपासून संध्याकाळपर्यंत प्रश्नच विचारतो."

"तू विचारतो त्याचं उत्तर तुला आधीच माहीत असतं, भाऊ. हिला माहीत नसलेलं विचारायचं आहे."

"आणि उत्तर नाही सापडलं तर?"

"तर नाही सापडलं असं लिहायचं. तेही काम असतं."

असल्या धंद्यात मी पोरगी घालणार नाही, असं म्हणून मी फोन ठेवायचो. चार दिवसांनी पुन्हा मीच लावायचो. वहिनी म्हणायची, पोरीचं लग्न ठरवताना लोक इतकी बोलणी करत नाहीत.

आता कालचं सांगतो. पंगत उठली, पाहुणे गेले. मयूरी जिन्यात बसली होती, हातात मोबाइल. तुझी बातमी आल्यापासून ती माझ्याशी कामापुरतं बोलत होती.

"कळवलं का?" मी विचारलं.

"काय?"

"हो की नाही ते. आज शेवटचा दिवस ना?"

"नाही म्हणून कळवू राहिली. तुम्हाला पाहिजे तेच."

मी जिंकलो होतो, विजू. काही वाटलं नाही. आणि समोरच्याने न भांडता माल सोडला की मला आधी संशय येतो. माल खराब असतो, नाहीतर माणूस आजारी असतो.

"का नाही?"

"आत्या नाही तिथे. मी काय करू जाऊन?"

"आत्यासाठी चालली होतीस?"

"तसं नाही, पप्पा."

"मग कसं? नीट सांग ना."

"अब क्या हुआ तुम्हाला? तुम्हीच तर नको म्हणत होते!"

"मी नको म्हणत होतो ते माझं. तू हो म्हणत होतीस ते कुठे गेलं?"

आवाज चढला. वहिनी बाहेर आली. "आज तरी नका हो. माणसं अजून गल्लीतच आहेत." मयूरी उठून उभी राहिली. ती चिडली की तिच्या नाकपुड्या फुगतात, माझ्यासारख्या.

"आत्या दर वर्षी नव्या मुलांना पहिल्या तासाला कुणाची गोष्ट सांगायची, माहीत आहे? तुमची! फोपनारची."

"भर वर्गात?" माझं डोकं सटकलं. "नाव घेऊन?"

"नाव नाही. 'माझा भाऊ' म्हणायची. मी स्वतः बसले होते त्या तासाला, सुट्टीत गेले होते तेव्हा. मुलं हसायची. मग आत्या विचारायची, यात चूक कुणाची? सगळे म्हणायचे, भावाची. आत्या म्हणायची, चूक. माझी. भावाला मी मदत मागितली आणि कारण सांगितलं नाही. माणसाला कारण सांगितलं नाही की तो काम त्याच्या पद्धतीने पूर्ण करतो, आणि माझ्या भावाची पद्धत त्याच्या धंद्यात अगदी बरोबर आहे. गावात जायच्या आधी हे लिहून घ्या, म्हणायची."

मी भिंतीला टेकलो. "मला का नाही सांगितलं हे?"

"तुम्ही कुणाला बोलू देता का?"

वहिनी म्हणाली, "हे मात्र खरं आहे."

तर ऐक. दर वर्षी परक्या पोरांसमोर तू चूक कबूल केलीस, आणि ज्याच्यासमोर करायची तो इथे बुधवाऱ्यात बसून होता, फोन उचलत होता, केळीचे भाव समजावत होता. माझी एक तक्रार काल मिटली आणि तिच्याच जागेवर दुसरी येऊन बसली. तुला काय अडचण होती गं? मी ऐकून घेतलं असतं. ओरडलो असतो आधी, पण ऐकून घेतलं असतं.

मयूरीला म्हटलं, बस खाली, आणि आता मला तुझा माल विकून दाखव. तुला काय शोधायचं आहे? आत्याचं नाव न घेता सांग.

ती पायरीवर परत बसली. मग म्हणाली, "पप्पा, आपल्याकडे पॉवरलूमवर काम करणारे बघा. गालात गुटख्याची पुडी. सरकारी दवाखान्यात माझ्या खुर्चीत येतात तेव्हा तोंडच उघडत नाही, दोन बोटं आत जात नाहीत. मला त्यांचे दात उपटत नाही बसायचं. पुडी सोडणारेही असतात ना? त्याच कारखान्यातले, तीच पाळी करणारे. त्यांनी कशी सोडली? त्यांना कुणी विचारतच नाही."

"मग इथे बसून विचार. खाली जागा तयार आहे."

"इथे बसले तर ज्यांनी सोडली ते येणारच नाहीत. त्यांचं दुखत नाही तर ते कशाला येतील? न सोडणारेच येतील."

मी तिच्याकडे बघितलं. हिला माल कळतो, विजू. हे तू मला आधी सांगायला पाहिजे होतंस. कदाचित सांगितलं असशील.

"जा," मी म्हटलं. "हो कळव."

ती मोबाइल हातात धरून तशीच बसली. "एक अट आहे."

"तुझी अट? मी हो म्हटलं ना आता?"

"आत्याची खोली अजून बंद आहे तिथे. ती मी एकटी उघडणार नाही. तुम्ही सोबत चला."

"सामान पार्सलने मागवू. मी संस्थेत सांगितलं आहे."

"तुम्ही नाही तर मी नाही."

"मंडीचं कोण बघेल?"

"तुम्ही नाही तर मी नाही, पप्पा."

डोळ्यात डोळे घालून. पापणी हलवत नव्हती. पलीकडच्याला वाट बघायला लावायचं, हे मी तिला कधी शिकवलं नाही. तिने कुठून घेतलं ते तुला माहीत असेल. मी म्हटलं, बरं. तिने माझ्यासमोर बटण दाबलं. वहिनीने न मागता पाणी आणून दिलं. परवाची गाडी आहे. तुझ्या खोलीत मी काय करणार आहे मला माहीत नाही. बहुतेक काहीच वाटणार नाही. सामान बांधीन.

आता एक गोष्ट राहिली. ही मयूरीला माहीत नाही, वहिनीला अर्धीच माहीत आहे.

आपलं शेवटचं बोलणं. तू म्हणालीस, "एक वर्ष दे, भाऊ. वर्षाने ती स्वतः नको म्हणाली, तर मी तिला आणून सोडते आणि तुझ्या दवाखान्याच्या दारात नारळ फोडते." चांगली बोली होती. मी लगेच घेतली नाही, मी कधीच लगेच घेत नाही. म्हटलं, माझी अट ऐक.

"सांग."

"मयूरी तिकडे, तू इकडे."

"म्हणजे?"

"परत ये. दवाखाना नको टाकू. तुला जे फिरायचं, विचारायचं, शोधायचं ते इथून कर. इथे काय आजारी माणसं नाहीत का? वरची खोली आहे. पण ये आता."

"पोरगी देऊन बहीण घेतो का रे?"

"हाव, घेतो."

तू खूप हसलीस. मग हसणं थांबलं. तुझ्याकडे कुठेतरी कुकरची शिट्टी झाली. मग म्हणालीस, "विचार करते, भाऊ."

तू असं कधी म्हणत नव्हतीस. तुझं नाही ते नाही असायचं, माझ्या तोंडातून वाक्य संपायच्या आत. माझ्या धंद्यात विचार करतो म्हणणारा एकतर उठून जाणारा असतो, नाहीतर मनातून कबूल झालेला असतो आणि त्याला थोडा मान हवा असतो. मी तुला दुसऱ्या प्रकारातलं धरलं. त्याच दिवशी बुधवाऱ्यातल्या गादीवाल्याकडे गेलो. वरच्या खोलीतली गादी दबून चपाती झाली होती, तुझी पाठ धरते. नवी भरायला सांगितली, दिवाळीच्या आत. वहिनीला म्हटलं, वरची खोली झाडून ठेव, पण विजूला बोलू नको, भाव चढेल तिचा.

काल मयूरी दिली. बदल्यात काही घेतलं नाही. असा सौदा मी कधी केला नव्हता.

आज सकाळी गादीवाला आला, हातगाडीवर गादी गुंडाळून. त्याला काही कळलेलं नव्हतं, तो आपल्या गावाला गेला होता. वहिनी दार अडवून उभी राहिली. तो एकदा तिच्याकडे बघू राहिला, एकदा माझ्याकडे. "सेठ, कहाँ रखूँ?"

मी म्हटलं, "ऊपर. खिड़की के पास."